जरीतली माणसं

सुरगाण्याच्या म्हाताऱ्याचं वाक्य अर्ध्यात होतं आणि लॅपटॉप मेला.

"डॉक्टरांना एवढंच इचारा बाई," तो म्हणत होता, "का मला तिथं नेल्यावर..." आणि पडदा आधी निळा पडला, मग काळा. शर्वरी कानावरचा हेडफोन न काढता त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिली.

समोर मागावर बसलेल्या द्वारकाबाईंचा हात थांबला. "गेला?"

"गेला."

"म्हातारा का डबा?"

"डबा, आई."

"मग उठव त्याला. म्हाताऱ्याला तिथं नेल्यावर काय, ते राहिलं ना."

डबा उठेपर्यंत म्हाताऱ्याचा नंबर दुसऱ्या कुणाकडं गेला होता. सकाळपासूनची ही चौथी खेप.

द्वारकाबाईंचं शिक्षण तिसरीपर्यंतचं. जीभ मात्र कुठल्याही शाळेत न जाता पहिल्या नंबरानं पास झालेली. येवल्याच्या त्या गल्लीत त्यांच्याशी भांडायला कुणी येत नसे आणि त्यांच्यासारखी पैठणी विणायलाही कुणी धजत नसे. गल्लीनं प्लॅस्टिकची जर केव्हाच जवळ केली होती. द्वारकाबाई मात्र अजून चांदीच्या तारेची खरी जर मागवायच्या आणि प्लॅस्टिकवाल्यांना तोंडावर म्हणायच्या, "तुमची साडी पावसात भिजली तर वाळत घाला, नाहीतर बादली म्हणून वापरा."

घर म्हणजे एक लांबट खोली आणि मागं स्वयंपाकघर. खोलीच्या एका टोकाला जमिनीत खड्डा. त्यात पाय सोडून द्वारकाबाई बसायच्या. विणलेलं कापड पोटाजवळच्या रुळावर गुंडाळलं जायचं आणि पुढं न विणलेल्या रेशमाची उभी सुतं खोलीभर ताणलेली असायची, नदीच्या पाण्यासारखी. नदीच्या पलीकडच्या काठाला खिडकी, आणि खिडकीत शर्वरीचं टेबल. मुलगा हेमंत कच्छमध्ये पवनचक्क्या दुरुस्त करायचा, दीड-दोन महिन्यांनी घरी यायचा. बाकीचा सगळा वेळ या दोघी, समोरासमोर, मधे रेशीम.

हे असं समोरासमोर बसणं नियमानं आलेलं. विणणारीच्या पाठीमागं कुणी बसायचं नाही, हा त्या घराचा सासूच्या सासूपासूनचा दंडक. पाठीवर नजर पडली की हात चुकतो, सूत तुटतं. शर्वरी अकोल्याची, तिला काय ठाऊक. लग्नानंतर आठवड्याभरात ती चहाचा कप घेऊन द्वारकाबाईंच्या मागं उंबऱ्यावर टेकली, आणि नेमकं तेव्हाच सूत तुटलं. त्या दिवशी द्वारकाबाई जे बोलल्या ते ऐकून शेजारची कलावतीसुद्धा खिडकी लावून आत गेली. त्यानंतर चार वर्षं झाली, शर्वरी मागं बसली नाही. स्वयंपाकघरातून बाहेर यायची तीसुद्धा भिंतीला लागून, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी.

तिचं काम असं. पाड्यावरच्या दवाखान्यात पेशंट बसायचा, डॉक्टर कुठं चेन्नईत नाहीतर गुवाहाटीत. एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायला यंत्रं होतीच आणि ती झकास पोचवायची. पण सुरगाण्याचा माणूस "पोटात कालवतंय" म्हणाला, की ते दुखणं आहे, भूक आहे का भीती आहे, हे यंत्राला कळत नव्हतं. चुकीच्या औषधांनी दोन-तीनदा गोंधळ झाल्यावर कंपनीनं यंत्राशेजारी माणूस बसवला. त्या माणसांपैकी शर्वरी एक.

आणि दोन महिन्यांपूर्वी कंपनीनं तिच्यावर बसवली श्वासहजेरी.

ही श्वासहजेरी मुळात चांगल्या कामासाठी निघाली होती. वायफायच्या लहरी खोलीभर पसरतात आणि भिंतीवर, कपाटावर, माणसावर आपटून परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती जराशी पुढं येते आणि लहरीचा रस्ता केसभर कमी होतो. सोडतो तेव्हा पुन्हा वाढतो. त्या केसभर फरकावरून यंत्राला समजतं, की इथं एक जिवंत माणूस आहे, बसलंय, झोपलंय का पडलंय. एकटी राहणारी म्हातारी माणसं घरात पडली तर कळावं म्हणून ही सोय प्रत्येक लॅपटॉपात आली. मग कुणा हुशार मालकाच्या ध्यानात आलं, की पडलेला म्हातारा कळतो तसा खुर्चीवरून उठलेला नोकरही कळेल.

"आमच्या वेळी मालकाला कापड दाखवायचो," द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. "आता जीव आहे का नाही ते दाखवायचं."

लॅपटॉपचं हे दुखणं सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. गावातल्या फिरोजनं तो उघडला, साफ केला, आतली सगळी मांडणी पुसून नव्यानं भरली. शेवटी त्यानं वायफाय बंद करून दिवसभर चालवला, तर गडी तक्रार न करता चालला. वायफाय लावलं की तासाभरात आडवा. "वैनी, दुखणं वायफायचं," तो म्हणाला, "पण वायफायला तर काहीच झालेलं नाही." त्यानं राउटर बदलला. कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवला, तो दुसऱ्याच दिवशी गेला. शर्वरी स्वयंपाकघरात जाऊन बसली, तिथंही गेला. लहरींना भिंतीचं काय. तारेनं जोडावा तर श्वासहजेरी बंद, आणि हजेरी बंद म्हणजे कामाचं दारच उघडायचं नाही. कलावतीनं लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधली. द्वारकाबाईंनी ती सोडवून तिच्याच हातात दिली. "सरबत कर, मिरचीची चटणी कर. डब्याला दृष्ट लागायला तो काय गोरागोमटा आहे?"

मग कंपनीचा निरोप आला. शनिवारपर्यंत सुरळीत झालं नाही, तर शर्वरीनं नाशिकच्या केंद्रावर येऊन काम करावं. राहायची सोय तिथंच.

शर्वरीनं जेवताना हळूच सांगितलं. द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "जा की मग. मी काय कुक्कुलं बाळ आहे? तू यायच्या आधी हा माग चालतच होता."

"दर शनिवारी येईन."

"येशील. पाव्हण्यांसाठी वेगळी गादी आहे माझ्याकडं."

त्या दुपारी द्वारकाबाईंच्या हातून पदरातला मोर एका पायाचा विणला गेला. त्यांनी तो कुणाला दिसायच्या आत उसवला. शर्वरीला दिसला होता.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला त्या गल्लीत माग चालत नाही. द्वारकाबाई डाळ निवडत बसल्या आणि लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखा चालला. शर्वरी एकदा लॅपटॉपकडं बघायची, एकदा झाकून ठेवलेल्या मागाकडं. काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिनं ते परत ढकलून दिलं. माग तर गेली चार वर्षं रोज चालत होता. मग आत्ताच काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतल्या अमरजा नावाच्या इंजिनीयरचा फोन आला. शर्वरीनं तो स्पीकरवर ठेवला.

"बंद पडण्याआधीच्या नोंदी मी बघितल्या," अमरजा म्हणाली. "तुमच्या खोलीत माणसं किती असतात?"

"दोन. मी आणि सासूबाई."

"लॅपटॉपला शंभराच्या वर दिसतायत. आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक अगदी तुमच्यासारखाच श्वास घेतायत. इतकी माणसं मोजता मोजता त्याची जागा संपते आणि तो कोसळतो."

"शंभर माणसं," द्वारकाबाई मागावरून म्हणाल्या, "आणि भाकऱ्या थापायला मी एकटी."

अमरजानं तपासणीचा पडदा पाठवला. त्यावर खोलीचा नकाशा आणि प्रत्येक श्वासासाठी एक हिरवा ठिपका. आत्ता दोनच ठिपके होते, एक खड्ड्यापाशी, एक खिडकीत. ठिपके श्वासाबरोबर फुगत होते, बसत होते.

"आता रोज जे करता ते करा," अमरजा म्हणाली.

द्वारकाबाईंनी आडव्या सुताचा धोटा फेकला आणि सूत ठोकून बसवणारी फणी ओढली. ठक. खिडकीतल्या ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका उगवला. ठक. भिंतीपलीकडं एक. ठक, ठक. गल्लीत दोन, छपरावर एक. सगळे एकाच लयीत फुगत होते, बसत होते. द्वारकाबाई मान लांब करून बघत होत्या. पडद्यावर शर्वरीच शर्वरी होत चालली होती.

"तुमच्याकडं मोठा, ताणलेला पत्रा आहे का?" अमरजानं विचारलं. "हलणारा?"

शर्वरीचं लक्ष द्वारकाबाईंच्या पोटाजवळच्या कापडावर गेलं होतं. साडीचं अंग साध्या रेशमाचं, जर काय ती काठापुरती. पण तीन आठवड्यांपूर्वी पदर सुरू झाला होता, आणि पदर म्हणजे जवळजवळ सगळी जरच. वीतभर, हातभर, रोज थोडी थोडी वाढणारी चांदी.

ते चांदीचं कापड म्हणजे लहरींचा आरसाच होता. आरसे तसे प्रत्येक घरात असतात, स्टीलचं कपाट, पंखा, पातेली. पण कपाट जागचं हलत नाही, आणि पंखा फिरतो तो एकाच चालीनं, म्हणून यंत्र त्यांना ओळखून वजा करून टाकतं. हा आरसा मात्र फणीच्या प्रत्येक ठोक्याला थरथरत होता आणि दर वेळी शर्वरीचा श्वास नव्या ठिकाणी दाखवत होता. यंत्र बनवणाऱ्यांनी सगळं तपासलं होतं. ताणलेल्या चांदीवर कुणी दिवसभर ठोके देत बसेल, एवढं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दुरुस्ती होईल," अमरजा म्हणाली. "पण दोन-तीन महिने लागतील. तोवर शनिवारचा नियम माझ्या हातात नाही हो."

शर्वरीनं फोन ठेवला. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "खोट्या जरीनं असं झालं नसतं." त्या आवाजात आधी थोडा तोरा होता. वाक्य संपेपर्यंत तो विरघळला. "म्हणजे तुझ्या पोटावर पाय देणारी मीच."

वेळ वाटून घ्यावी तर तेही जमणारं नव्हतं. मोराच्या गळ्यात तीन निळे धागे. दिव्याखाली तिन्ही सारखेच दिसतात, ते उन्हातच वेगळे कळतात. आणि पाड्यावरचे दवाखानेही उन्हातच उघडे.

शर्वरी चहा करायला उठली. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा द्वारकाबाईंच्या हातात मोठी कात्री होती आणि डावा हात उभ्या सुतांवरून फिरत होता, गाय विकण्याआधी तिच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"काय करताय?"

"माझा माग, माझी कात्री."

"आई, मागावरचं सूत मधे कापत नाहीत. तुम्हीच सांगितलंय. सासरे गेले तेव्हा तेराव्यानंतर तुम्ही याच मागावर, अर्ध्या सुतावर येऊन बसलात."

"तेव्हा माणूस गेलेलं होतं. आता जायचं आहे." त्यांनी कात्री उघडली. "कापलं तर राहील, एवढं कळतं मला. तिसरी शिकले असले तरी."

शर्वरीनं चहा खाली ठेवला आणि सुतांच्या मधे आपला हात घातला, मनगटापर्यंत. "कापा."

द्वारकाबाईंची कात्री त्या हातापाशी येऊन थांबली. "काढ तो हात. सुताला तेल लागेल," शेवटी त्या म्हणाल्या आणि कात्री खाली ठेवली.

मग दोघींनी चहा घेतला. शर्वरीनं सांगितलं, की पाणी या लहरी पिऊन टाकतं. पावसाळ्यात झाडापलीकडं सिग्नल जात नाही, तो त्यामुळंच. गर्दी झाली की वायफाय मंद पडतं तेही थोडं त्यामुळंच, कारण माणसाच्या अंगातही बहुतेक पाणीच. द्वारकाबाईंना एवढं पुरे होतं. त्यांनी मोरीतलं निळं पिंप ओढत आणवलं, मागाच्या पलीकडं ठेवलं आणि नळी लावून भरलं. ठिपके कमी झाले, पण गेले नाहीत. कापडापासून पिंप फार लांब होतं, लहरी वळसा घालून येत होत्या.

तासाभरानं द्वारकाबाई कुरकुरल्या. "काढ ते धूड. मला तू दिसत नाहीस." मग घाईनं म्हणाल्या, "ऊन. ऊन दिसत नाही म्हणते मी."

पिंप गेलं. शुक्रवारी शर्वरीनं बॅग काढून पलंगावर ठेवली. द्वारकाबाईंनी दिवसभर माग झाकून ठेवला आणि शेवेचे लाडू वळले, नाशकात शेव मिळत नसल्यासारखे. लाडू वळता वळता एकदम त्यांचा हात थांबला.

"त्या म्हाताऱ्याचं कळलं का गं?"

"नाही, आई."

"तिथं नेल्यावर काय, ते काही विचारलं नाही त्यानं." लाडू उगाचच परत वळत त्या म्हणाल्या. "माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच, म्हणालीस ना तू?"

"हो."

"बाईच्यापण?"

शर्वरी हसली. "बाईच्यापण."

द्वारकाबाईंनी झाकलेल्या मागाकडं एकदा बघितलं.

शनिवारी सकाळी त्यांनी माग उघडला, खड्ड्यात पाय सोडले आणि समोर बघतच म्हणाल्या, "पाट घे आणि मागं ये."

शर्वरी जागची हलली नाही.

"कापड माझ्या पोटाशी," द्वारकाबाई म्हणाल्या, "मधे मी. तू माझ्या पाठीला पाठ लावून बस. पिंप लांब पडलं, मी तर चिकटून आहे. आणि तो दिवा लुकलुकणारा डबापण तुझ्याकडच्या फळीवर घे. माझ्या अंगात पिंपाएवढं पाणी आहे, चाळीस वर्षं चहा पिते मी."

शर्वरीनं पाट आणि लॅपटॉप आणला. राउटर मागच्या फळीवर ठेवला. मग ती हळूच टेकली, पाठीला पाठ, अंगाचा भार न देता. द्वारकाबाईंनी फणी ओढली. ठक. पडद्यावर दोन ठिपके होते, एकमेकांना चिकटून. ठक, ठक. दोनच.

"तुला हे कधी सुचलं होतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"पिंप भरलं तेव्हाच."

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तुमच्या पाठीमागं कशी बसणार होते मी?"

द्वारकाबाईंनी पुढचा धोटा फेकला. खिडकीतलं टेबल रिकामं होतं. चार वर्षं सुतावरून मान वर केली की तिथं एक चेहरा दिसायचा, पेशंटशी बोलताना भुवया उचलणारा, जांभई दाबणारा. आता तिथं नुसता उजेड होता. त्यांनी तीनदा मान वर केली आणि तीनदा खाली घातली.

घटकाभरानं सूत तुटलं. टक्क आवाज झाला. मागच्या पाठीतला श्वास अडकला, तो द्वारकाबाईंना आपल्या पाठीत कळला.

"तुटलं?" शर्वरीनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"सूत आहे, तुटणारच," द्वारकाबाई गाठ मारत म्हणाल्या. "लोखंडाच्या सळ्या विणत नाही मी. तू तुझं बघ."

श्वास सुटला, आणि त्याबरोबर शर्वरीच्या पाठीचा सगळा भार त्यांच्या पाठीवर आला.

दुपारी सुरगाण्याहून पेशंट आला. पडद्यावरचं माणूस द्वारकाबाईंना दिसत नव्हतं, पण आवाज त्यांनी ओळखला आणि हातातला धोटा हातातच ठेवला. शर्वरी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुमचं राहिलं होतं."

"व्हय बाई. एवढंच इचारायचं व्हतं. मला तिथं आपरेशनला नेल्यावर म्हातारीला माझ्याजवळ बसू देतील का? ती रानातली. तिला एकलीला मागं कुठं ठेवू?"

शर्वरीनं ते गुवाहाटीच्या डॉक्टरांना सांगितलं. सांगताना मधेच तिची पाठ एकदा थरथरली. आवाजात काही आलं नाही, पण द्वारकाबाईंना कळलं. इतकी वर्षं समोरून चेहरा बघूनही जे कळलं नसतं, ते कळलं. त्यांनी डावा हात मागं नेला, हाताला लागला तो शर्वरीचा दंड, आणि तो तसाच धरून ठेवला.

डॉक्टर बोलले. शर्वरीनं ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "बसू देतील. खाटेशेजारी खुर्ची देणार आहेत आजीला."

द्वारकाबाईंनी दंड सोडला आणि फणी ओढली. लॅपटॉप संध्याकाळपर्यंत चालला. बॅग परत माळ्यावर गेली. लाडू कलावतीकडं गेले.

श्रावण लागता लागता पदर पुरा झाला आणि साडी मागावरून उतरली, कापून, रीतीनं, हळदकुंकू लावून. नव्या साडीचं अंग सुरू झालं, साधं रेशीम, जर फक्त काठाला. त्याच आठवड्यात अमरजाचाही फोन आला. यंत्र आता दुरुस्त झालं होतं. वाटेल तेवढी चांदी विणा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी पाट हातात घेऊन मधेच उभी राहिली. एकदा तिनं खिडकीतल्या टेबलाकडं बघितलं, एकदा मागाकडं.

"आई, आता मी पुन्हा समोर बसू का?"

द्वारकाबाईंनी खिडकीकडं नजर टाकली. आठ दिवसांत आभाळ उघडलं नव्हतं. पागोळ्या गळत होत्या आणि समोरच्या भिंतीवर शेवाळ धरलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तिथं ऊन लागेल."